सिल्वानोची धुतलेली सायकल

कॉरिंबा,
१९ मे २०१९

प्रिय सिल्वानो,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, यासाठी आधी तुझे आभार मानतो. ओर्नेला गेल्याचं आम्हाला कळलं. बेरिलने पेपरात वाचलं. हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवून ती म्हणाली, "डेस, ओर्नेला गेली रे." सांत्वनाचं पत्र लिहायला मी तीनदा बसलो. तिन्ही वेळा दोन-चार ओळी छान जमल्या, आणि छान जमल्या म्हणूनच फाडून टाकल्या. आता जमेल तसं लिहितो.

इकडचं म्हणशील तर धरण सांडव्यापर्यंत भरलं आहे. तो बुडालेला जुना रस्ता आणि पूल पुन्हा पाण्याखाली गेलेत, आणि आपण त्यावरून सायकली चालवल्या होत्या हे सांगितलं तर क्लबातल्या नव्या मुली माझ्याकडे म्हातारा बरळतोय अशा नजरेने बघतात. त्यांच्या सायकली एका बोटाने उचलता येतात. दर रविवारी सायकल धुतात, घोळक्याने, होजपाइप लावून, गप्पा मारत. मला आता त्यांच्याकडे बघवत नाही, म्हणून मी लवकर घरी येतो. गुडघा दुखतो असं सांगतो.

तुला दुष्काळातला तो उन्हाळा आठवत असेलच. चौथ्या टप्प्याची पाणीबंदी. घराबाहेर नळाचा एक थेंब वापरायचा नाही. अंघोळ तीन मिनिटं, आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत साचेल ते साबणाचं पाणी बागेला. माझ्या आईने लावलेले कमेलिया बेरिलने लेकरांसारखे जपले होते. मी बादल्या वाहिल्या, पाठ धरली, तरी एकेक झाड गेलंच. शेवटचं खोड करवतीने कापलं त्या दिवशी बेरिल घरातून बाहेर आली नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात काय भरलं होतं ते तुला कधी सांगितलं नव्हतं. मी क्लबाचा अध्यक्ष होतो, आणि शाळेत तीस वर्षं सुतारकाम शिकवून झाल्यामुळे नियम लावायची सवय अंगात मुरली होती. सायकली धुवायच्या नाहीत, कोरडा ब्रश आणि फडकं बस्स, हा नियम मीच काढला. मग त्याचा अभिमान वाटायला लागला. ज्याची सायकल जास्त मळकी, तो जास्त भला माणूस. तू माझ्या सायकलच्या चाकाकडे बघून म्हणाला होतास, "डेस, यात बटाटे लाव. येतील." सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो होतो.

आणि मग तो शनिवार. आटलेल्या धरणाच्या तळातून आपण दोघंच जुन्या पुलापर्यंत गेलो. वरून भेगाळलेली, टणक जमीन, आणि पुलाजवळ मात्र खाली दडलेला काळा, कुजका चिखल. तुझं पुढचं चाक रुतलं, तू आडवा झालास, तुला ओढायला आलो तो मीही आडवा. डोक्यापासून पायापर्यंत काळे झालेलो आपण दोघं पन्नाशी उलटलेले बाप्ये तिथे पोट धरून हसत बसलो होतो. तेवढं हसू मला त्यानंतर कधी आलं नाही. घरी येऊन मी तो चिखल वाळू दिला आणि चाकूने खरवडला. अंगाचा वास जायला आठवडा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू क्लबात आलास तो तुझी ती आकाशी सायकल चकचकीत करून. साखळीच्या कडीकडीवर ऊन चमकत होतं. सगळे तुटून पडले. "सिल्वानो, बाप्तिस्मा झाला वाटतं सायकलचा!" "कुठल्या विहिरीत बुडवलीस, आम्हालाही सांग की!" तू हसलास. म्हणालास, "चोरीचं पाणी नाही रे बाबांनो, चला आता." मी विचारलं, "मग कुठलं?" तू माझ्याकडे न बघता टाचेने पेडल फिरवत राहिलास. "ते नको विचारूस, डेस."

मी सोमवारी तुमच्या घरी आलो तो विचारायलाच. घराच्या बाजूने हिरवा पाइप आला होता, त्यातून पाणी संथ वाहत होतं, आणि तुझे टोमॅटो कमरेएवढे झाले होते. आख्ख्या गावात तेवढंच हिरवं. जाळीच्या दाराआड ओर्नेला उभी होती. चाळीस अंशांच्या उन्हात लांब बाह्यांचा सदरा घालून. तिने नेहमीसारखं "ये ना, कॉफी टाकते" म्हटलं नाही. ते मला लागलं. बेरिललाही बरेच दिवस लागत होतं, कारण दर फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात, आपण दोन्ही घरं मिळून टोमॅटोच्या सॉसच्या बाटल्या भरायचो, आणि त्या वर्षी ओर्नेलाने निरोप पाठवला होता की यंदा नाही जमणार. बेरिल म्हणाली होती, "आपण नकोसे झालो तिला." मी पाइपाकडे बोट दाखवून विचारलं, "हे काय आहे?" तू हातातली कात्री खाली ठेवलीस. म्हणालास, "माझ्यावर विश्वास आहे ना तुझा? मग यात काही वाईट नाही एवढं धरून चाल आणि घरी जा." मी म्हणालो, "माझ्या बायकोची बाग मेली, सिल्वानो." आणि निघून आलो.

पाणीखात्याला फोन मीच केला. हे तू ताडलं असशील. खात्याचा माणूस आला, दहा मिनिटं आत थांबला, जाताना तुझ्याशी हात मिळवून गेला. मी समोरच्या झाडाखाली टायरमध्ये हवा भरण्याचं सोंग करत होतो. पुन्हा फोन केला, तर खात्यातल्या बाई म्हणाल्या, "त्या घराबद्दल आम्हाला काही सांगता येणार नाही, साहेब." झालं. माझी खात्री पटली की तू खात्यातल्या कुणाच्या तरी अंगणातलं फुकटात काँक्रीट करून दिलंस आणि वशिला लावलास. तुझ्यासारखा माणूस, ज्याने माझ्या घराची भिंत पडली तेव्हा ती बांधायला तीन रविवार घातले, त्याच्याबद्दल मला असं वाटू शकलं. आणि एकदा वाटल्यावर मी ते चार जणांना सांगितलंही.

क्लबाच्या त्या सभेत विषय मीच मांडला. नाव न घेता. नाव घ्यायची गरजच नव्हती. तू उठलास, आणि मला वाटलं आता भांडशील. त्याची मी तयारी करून आलो होतो. तू एवढंच म्हणालास, "मी सांगितलं असतं. पण सांगायची गोष्ट माझी नाही." क्लबाच्या शेडची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवलीस आणि गेलास. कुणीतरी हाक मारेल असं मला वाटत होतं. बाकीचे माझ्याकडे बघत होते, मी हाक मारीन म्हणून. मी पुढचा विषय घेतला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, एका गुरुवारी, बेरिलने संध्याकाळी सांगितलं की तुमच्या दारात दुपारी रुग्णवाहिका उभी होती. ओर्नेलाला चक्कर आली म्हणे. मी म्हणालो, "ऊनच तसं आहे." बेरिलला जाऊन विचारपूस करायची होती. मीच म्हणालो, आत्ता नको, त्यांना आवडायचं नाही. मे महिन्यात तुम्ही घर विकलं. सामानाचा ट्रक वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा मी पडद्यामागे उभा होतो. बेरिल मात्र रस्त्यापर्यंत जाऊन उभी राहिली होती. ओर्नेलाने गाडीची काच खाली करून तिला हात केला, हे तिने मला परवापर्यंत सांगितलं नव्हतं.

सिल्वानो, मी तिच्या अंत्यविधीला आलो होतो. तुला दिसलो नसेन. शेवटच्या बाकावर खांबाआड बसलो होतो. तू फार बारीक झाला आहेस. मिरेला बोलायला उभी राहिली तेव्हा मला आधी ती ओळखूच आली नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती अजून तुझ्या सायकलच्या दांड्यावर बसणारी. ती म्हणाली, आई मानी होती. कॉरिंबात असतानाच तिच्या किडन्या गेल्या, पण कुणी कीव केलेली तिला चालायची नाही, म्हणून घरातच यंत्र बसवलं आणि सगळ्यांना शपथ घातली की गावात अवाक्षर काढायचं नाही. दंडावरच्या खुणा दिसू नयेत म्हणून भर उन्हाळ्यात लांब बाह्या. त्या यंत्राला नळाचं खूप पाणी लागायचं, त्यातलं थोडंसंच गाळून रक्त धुवायला जायचं आणि बाकीचं, चांगलं स्वच्छ पाणी, वाया म्हणून बाहेर पडायचं. "बाबा त्याच्यावर टोमॅटो वाढवायचे," मिरेला म्हणाली, "आणि सायकल धुवायचे. आई म्हणायची, माझं दुखणं एवढ्या तरी कामाला आलं." सगळं चर्च हसलं. तूही हसलास, मला मागून तुझे खांदे दिसत होते.

मी तेव्हाच उठायला हवं होतं, म्हणजे पुढचं ऐकावं लागलं नसतं. पण बसून राहिलो. मिरेलाने मग त्या गुरुवारची गोष्ट सांगितली. तू तासाभरासाठी हार्डवेअरच्या दुकानात गेला होतास. यंत्र चालू असताना मधेच घरातलं पाणी गेलं. यंत्र कर्कश वाजायला लागलं. शिकवल्याप्रमाणे सगळं शांतपणे बंद करणं ओर्नेलाला येत होतं, पण ती घाबरली, घाईत सुई निघाली, आणि तू आलास तेव्हा ती यंत्राच्या पायाशी पडली होती. रक्ताने माखलेली. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं. त्यानंतर ती त्या घरात एकटी यंत्रापाशी बसायला कधीच तयार झाली नाही. म्हणून तुम्ही शहरात आलात, हॉस्पिटलजवळ, दोन खोल्यांच्या घरात, जिथे टोमॅटो लावायला वीतभर माती नव्हती. "रस्त्यातल्या पाइपात काहीतरी बिघाड झाला होता," मिरेला म्हणाली. "दुष्काळाचे दिवस होते." मी प्रार्थना संपायच्या आत बाहेर पडलो. गाडीतच बसून राहिलो, तुम्ही सगळे निघून गेलात तोपर्यंत.

पाइपात बिघाड नव्हता, सिल्वानो. त्या गुरुवारी सकाळी पावणेअकराला मी तुमच्या घरावरून चाललो होतो. तुझी गाडी दारात नव्हती आणि हिरव्या पाइपातून पाणी वाहत होतं. मी सायकल कुंपणाला टेकवली, फाटकाजवळच्या मीटरचं झाकण उचललं आणि मुख्य कॉक पूर्ण बंद केला. पाइपातली धार बारीक होत होत थांबली, ती मी उभा राहून बघितली. चांगली अद्दल घडली असं वाटून मला बरं वाटलं, हेही लिहितो, कारण तेच खरं आहे. घरातून काही आवाज आला का, हे मी गेले चार आठवडे आठवून बघतो आहे. मला आठवत नाही. आला असता तरी मी थांबलो असतो का, ठाऊक नाही. संध्याकाळी परतताना घर बंद होतं. मी कॉक पुन्हा उघडून ठेवला, म्हणून तुम्ही आलात तेव्हा नळाला पाणी होतं आणि तुम्हाला कधी संशय आला नाही. आज सकाळी हे मी बेरिलला सांगितलं. ती उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली आहे, अजून आत आलेली नाही. मी माफी मागायला लिहीत नाही. ती तूही देऊ शकणार नाहीस, आणि जी देऊ शकली असती ती गेली. मिरेलाने भर चर्चमध्ये ती गोष्ट चुकीची सांगितली, आणि पुढे आपल्या मुलांनाही तशीच सांगेल, तेवढ्यासाठी लिहितो आहे. हे पत्र तिला वाचायला दे. ओर्नेला त्या दिवशी मरणाच्या दारात एकटी पडली होती, ती माझ्यामुळे.

तुझाच म्हणवतो, खोडायचं तर तू खोड,
डेस पॅस्को