मोगऱ्याच्या कुंडीतल्या गोळ्या

प्रिय अनघा,

काल व्हिडिओ कॉलवर साखरपुड्याची साडी दाखवताना तू हसलीस, तोंडावर हात न घेता. तुझी आई सुखावली. मी मात्र फोन ठेवून ओसरीतच बसून राहिले. समोरच्या शेतातला कापूस उन्हात तरंगत होता, आणि मला एकोणीस वर्षांची मी दिसत होते.

तुला घरात कुणी सांगितलं नसेल, पण तू फिटसाठी घेतेस तीच गोळी मीही घ्यायची. त्या गोळीने माझ्याही हिरड्या तुझ्यासारख्याच सुजून दातांवर चढल्या. संस्कृत कवींनी दातांना कुंदकळ्या म्हणून म्हणून दमवलं. हिरड्यांवर एकानेही अर्धा श्लोक खर्चला नाही. तुझी आजी ओरडायची, "काहून वं, दात घासतं का काडीले नुसती हवा दाखवतं?" मग बाभळीच्या काडीने रक्त येईतो घासणं. हसताना मी पदर तोंडाला लावायची आणि गल्ली म्हणायची, पोरगी किती मर्यादेची! माझी सगळी कीर्ती सुजलेल्या हिरड्यांवर उभी होती.

पाहुणे बघायला येणार असं ठरलं, तशी मी गोळ्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरायला लागले. (मोगऱ्याला कधी फिट आली नाही.) तीन-चार महिन्यांत हिरड्या उतरल्या. आरशाशी माझी गट्टी जमली. दिवाळीत करंज्या तळत होते. एकाएकी स्वयंपाकघर पांढरं झालं, जणू कापूस अलगद आत येतोय, आणि मी त्यात हलकी होत चाललेय. फार सुंदर होतं गं ते. जाग आली तेव्हा हात तेलात भाजला होता. लहानपणी तू ज्याला 'आत्याचा नकाशा' म्हणायचीस, तो डाग घरचे सांगतात तसा धांदलीतला नाही, त्या फिटमधला आहे.

त्या गोळीने सुजलेल्या हिरड्या, काल तुझ्या दिसल्या तशा, आपोआप उतरत नाहीत, बाळा. तू गोळ्या बंद केल्या आहेस. फोनवर आई शेजारी असते, म्हणून हे पत्र उद्या पुसदला येणाऱ्या विमलताईंच्या हाती देतेय. वाचलंस की लगेच डॉक्टरांना फोन कर, खरं सांग, आणि ते म्हणतील तसं कर. गोळी बदलून मिळते, हे मला फार उशिरा कळलं. तोवर स्कूटी आणि गॅस, दोन्हींपासून लांब. सोमवारी मी येतेय. दारात तू तोंडावर हात घेऊन हसलीस, तरी मला तितकंच आवडेल.

तुझीच,
नकाशावाली रजनीआत्या