सरकारी पट्ट्याला मोटेचा इलाज

आसेगावचा मळा,
चैत्र शुद्ध त्रयोदशी, शके १८५९

तीर्थरूप रंगराव मामांच्या पायांवर भाच्याचं, म्हणजे जगदेवचं, डोकं. (बरगड्या दुखतात, कमरेत वाकता येत नाही, म्हणून हे डोकं सध्या मनातल्या मनात ठेवलं आहे असं समजावं.) मामींचा गुडघा कसा आहे? लाल गाय व्याली का, आणि कालवड झाली की गोऱ्हा? इकडे आम्ही सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे. पण 'आम्ही' म्हणावं तर मळ्यात मी एकटाच आहे, आणि 'सुखरूप' म्हणावं तर ते खोटं पडेल. आई परवा पहाटे उठून इंझोरीच्या वाटेला लागली, ती तुमच्याकडे पोचली असेलच. जाताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तुमच्यापाशीही ती काही बोलली नसणार, सख्ख्या भावापाशीही ती मुलाची तक्रार करायची नाही, म्हणून झालं ते मीच कळवतो. ती परत येईल की नाही ही काळजी आहे.

तुम्ही दारोगासाहेबांकडे शब्द टाकलात म्हणून मला पोलिसात घेतलं, हे मी विसरलो नाही. गेल्या महिन्यात अकोल्याहून माझा नवा पट्टा आला. पुढे पितळेचं बक्कल, त्यावर माझा नंबर, डाव्या अंगाला दंडुका अडकवायची कडी आणि एक बेडीची पिशवी. काय कुठे लावायचं हे सरकार सांगत नाही. बेडी पाठीशी लावली तर बसताना टोचे, पोटाशी लावली तर जेवता येईना. शेवटी उजव्या कुशीला लावली, तेव्हापासून मी डावीकडे कलून चालतो असं लोक म्हणू लागले. सराव म्हणून सगळा सरंजाम चढवून मळ्यात फेऱ्या मारल्या, तर दंडुका पायांत आला आणि मी वांग्यांच्या वाफ्यात आडवा झालो. (वांगी तोडणीला आलीच होती.) पण खरं दुखणं पट्ट्याच्या ताठपणाचं. मी वाकलो तरी तो वाकेना, उलट वर सरकून बरगडीत घुसे. पडलेली टोपी उचलायची तर मला आधी भिंत शोधावी लागे. ठाण्यातले जुने शिपाई रतनसिंग यांचा पट्टा बघावा, जुन्या धोतरासारखा मऊ. मी त्यांना इलाज विचारला. ते म्हणाले, "रोज बोटभर तेल लाव आन घालून फिर. सा महिने लागतेत. आदी पट्टा तुले वळन लावते, मंग तू त्याले." सहा महिने कोणाकडे होते? पोहरादेवीची रामनवमीची जत्रा आठ दिवसांवर आली होती, आणि बंदोबस्त पाहायला मोठे साहेब स्वतः येणार होते.

आता मळेकऱ्याच्या घरात कातडं नरम करायची विद्या एकच, ती तुम्हालाही ठाऊक आहे. नवी मोट आणली की दिवसभर विहिरीकाठच्या थारोळ्यातल्या पाण्यात भिजत घालायची, मग दोन्ही पायांनी तुडवायची आणि वर करंजीचं तेल पाजायचं. ही विद्या आईइतकी आमच्या शिवारात कोणाला येत नाही. तेव्हा अष्टमीला पट्टा थारोळ्यात भिजला, तुडवला गेला आणि पोटभर तेल प्याला. (कोणी भिजवला ते जमादारांना सांगून झालं आहे : आईने. तिला बिचारीला सरकारी कातडं आणि मोटेचं कातडं यांतला फरक काय कळणार!) नवमीला सकाळी तो इतका लुसलुशीत झाला होता की मी खुशीत दोन भोकं जास्त आवळला आणि छाती काढून जत्रेला निघालो. करंजीच्या वासाने रस्त्यातली माणसं बाजूला होत होती. मला वाटलं, हा वर्दीचा दरारा.

मोट रोज पाण्यात असते म्हणून नरम राहते. वाळली की तिचं लाकूड होतं आणि ती आखडते, हे आमच्या बैलांनाही माहीत आहे. मला ते पोहरादेवीच्या चैत्रातल्या उन्हात, भर दुपारी आठवलं. त्यातून एका बंजाऱ्याच्या पंगतीत मला आग्रहाने बसवलं होतं आणि मी तीन पत्रावळी लापशी खाल्ली होती. एकीकडून लापशी फुगत होती, दुसरीकडून पट्टा आखडत होता. सोडायला गेलो तर बक्कलाचा काटा कातड्यात असा रुतलेला की हलेना. नेमका त्याच वेळी एक इसम एका म्हाताऱ्याची पडशी ओढून पळाला. मी मागे धावलो. दहा पावलं धावलो असेन. अकराव्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी मटकन खाली बसलो. मामा, तो चोर वळून बघत थांबला. "अरे बाप्पा, हा तं मरून राह्यला!" म्हणून तोच ओरडला, पडशी टाकून परत आला, मला काखेत धरून सावलीत नेलं, आणि जोडे शिवणाऱ्या हिरालालला त्यानेच हाक मारली. (पडशी म्हाताऱ्याला मिळाली. चोराला धरायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही.) हिरालालने रापी काढली आणि चारशे माणसांदेखत सरकारचा पट्टा पाठीवर मधोमध कापला. मला श्वास आला, डोळे उघडले, तर समोर घोड्यावर मोठे साहेब आणि त्यांच्या बाजूला आमचे जमादार बाबूसिंग.

त्या वेळी धरणी दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेलो असतो. जमादारांनी विचारलं, "सरकारी पट्टा कोनं भिजोला?" मी म्हणालो, "मायनं." साहेब हसले आणि घोडा पुढे गेला. माझी नोकरी वाचली. पण दुसऱ्या दिवशी जमादार थेट मळ्यात आले. बाजारच्या पाच-सहा बायका मेथी न्यायला आल्या होत्या, आई जुड्या बांधत होती. "बाई, तुमाले काई अक्कल? सरकारचा माल हाय थो, तुमची मोट नाई!" असं बरंच बोलले. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बक्कल पुसत होतो. (ते स्वच्छच होतं.) मग ती म्हणाली, "हो, म्याच भिजोला. चुकलं माहं." आणि उरलेल्या जुड्या बांधून पुऱ्या केल्या. बायका गेल्यावर तिने माझ्यासाठी दोन दिवसांच्या भाकरी थापून ठेवल्या, आणि पहाटे उठून गेली.

असा हा प्रकार. सर्वांना ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे नमस्कार-आशीर्वाद वाटून द्यावेत.

तुमचाच, तोंड दाखवायची लाज वाटणारा,
जगदेव

ता. क. : आईला लवकर पाठवून द्यावं. मोट मला हाकता येत नाही, बैल माझं ऐकत नाहीत आणि मेथी सुकत चालली आहे. एवढ्याचसाठी हे पत्र.

आणखी ता. क. : एवढ्यासाठी नाही. मेथी गेली खड्ड्यात. पत्र तुम्ही तिला वाचून दाखवाल, तेव्हा कंसातलं ते वाचू नका, जिथे मी तिला फरक कळत नाही म्हटलं आहे. पट्टा मी भिजवला. मीच तुडवला. ती थारोळ्यापाशी उभी राहून दोनदा म्हणाली होती, "नोको रे, उन्हात आखडीन थो." मी म्हणालो, "तुले काय समजते सरकारचं?" आणि मग सरकारपुढे तिचंच नाव सांगितलं. वर लिहितानाही तेच खोटं हातून उतरलं, खोडलं नाही. तुम्हाला दिसू दे.

शेवटचं, चतुर्दशीला : पत्र टाकायच्या आधी आज सकाळी ठाण्यात जाऊन जमादारांना खरं सांगितलं. नोकरीचं काय ते सोमवारी साहेब ठरवतील. तुमच्या शब्दाला माझ्यामुळे बट्टा लागला, त्याबद्दल हवी ती शिक्षा करा. जमादार रागावतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, "मले सांगून काय उपेग? म्या त्या बाईले चारचौघीत बोललो, थे आता वापस कसं घेऊ?" मामा, हे सगळं, आता ते कंसातलंसुद्धा, तिला मोठ्याने वाचून दाखवा, मामींच्या देखत, शेजारणी असल्या तर त्यांच्याही देखत. ऐकून ती जे बोलेल ते शब्द न बदलता कळवा, शिव्या असल्या तरी चालतील. फक्त 'चुकलं माहं' असं पुन्हा ती म्हणाली, तर ते मला कळवू नका.