फवाऱ्याची चव

उधना, सुरत
२८ मार्च २०२५

कलाआक्का,

तुझ्या पाया पडतो. दाजींनाही नमस्कार सांग. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. इकडे तुझी भावजय चंचल बरी आहे, पोरगा सागर लूम सांभाळतो. गेल्या आखाजीच्या सणाला तू खाटेवरच ठेवून गेलीस ती आहेराची साडी कपाटात आहे.

आधी गंमत ऐक. गेल्या आठवड्यात दुर्बिणीच्या तपासणीला गेलो. नळी घालण्याआधी नर्स घशात फवारा मारते, घसा बधिर होतो. बाकावर आम्ही तिघं. शेजारच्या शांताबाई तोंड वाकडं करून म्हणाल्या, "अगं बाई, कडू जहर! कारलं बरं!" पलीकडचा साडीवाला शेठ म्हणतो, "ना रे, केळां जेवुं लागे." म्हणजे केळ्यासारखं. दोघांची अशी जुंपली की विचारू नकोस. बाटली एकच गं! नर्सनं विचारलं, "काका, तमने?" मी म्हटलं, गोड. ती हसायला लागली. गोड म्हणणारा मी पहिलाच म्हणे.

आक्का, खोटं नाही बोललो. कितीतरी महिन्यांनी मी थुंकी गिळली आणि मध्ये काही अडकलेलं कळलं नाही.

नळी आत असताना बोलता येत नाही, पण माझे कान तुला माहीत आहेत. लूमच्या खडखडाटात तुटलेला धागा ऐकतो मी. डॉक्टर नर्सला हळूच म्हणाले, "एमनी साथे कोण आव्युं छे?" यांच्याबरोबर कोण आलंय, असं. तेव्हाच समजलो. काल रिपोर्ट आला. अन्ननलिकेत गाठ आहे. चांगली नाही.

गेल्या आखाजीचं सांगतो. चंचलला पुरणाचे मांडे जमत नाहीत, म्हणून माहेरी येऊनही तूच खापर तापवलंस. मी दोन घास खाऊन ताट सारलं. तू म्हणालीस, "आते सुरतना शेठले बहिणना हातनं गोड लागत नही!" आणि सकाळच्या गाडीनं निघून गेलीस. घास छातीत अडकला होता गं. भर सणात, पानावर बसून काय सांगायचं? पित्त असेल म्हटलं, उतरेल. आता वरणाचं पाणीच काय ते उतरतं.

या आखाजीला तुला माहेरी आणायला मुराळी म्हणून मीच येणार होतो, डॉक्टर प्रवास नको म्हणतात. सागर येईल. त्याला दारातून परत पाठवू नकोस.

ये. मांडे कर. खापरावर मांडा पडतो तो आवाज मी पडल्या पडल्या ऐकीन. चंचल माझंही ताट वाढेल. ते तसंच राहिलं, तर या वेळी रागावू नकोस.

ज्याला तुझ्या हातचंच गोड लागतं तो,
हेमराज