तिसऱ्या किल्लीबाबत

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा कुलूप-किल्ली दुरुस्ती. डोके शाबूत आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव होता तेव्हा गप्प बसलो होतो.

१. राहते घर, दोन खोल्या, माझ्यामागे बायकोचे. तिच्या हयातीत मुलाने विकण्याचा विषय काढू नये. छताची गळती मी काढणार होतो, ती राहून गेली. तिचे टोमणे मंजूर.

२. कानशी, पकडी व किल्ल्या कापायचे मशीन मुलीला. मुलाने वाटा मागू नये. त्याला आजवर घरचे कुलूपही धड उघडता आलेले नाही. मुलीला एकच अट: साबणावरच्या ठशावरून किल्ली करू नये, मागणारा कोणीही असो.

३. ही अट का, ते लिहायची लाज वाटते. सव्वीस वर्षांपूर्वी दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक शिक्षिका भाड्याने राहायची. तिचा नि माझा घरमालक एकच. एके दिवशी तो साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा घेऊन आला. "ती किल्ल्या हरवते, एक माझ्याकडे असू दे," म्हणाला. दुकानाचा करार संपत आला होता. मी किल्ली करून दिली.

चौथ्या दिवशी ती घरात मेलेली सापडली, गळा आवळून. दारात बसवलेले कुलूप बाहेरून किल्लीने लावलेले, तिची किल्ली आत, कुलपावर ओरखडा नाही. ते तपासायला पोलिसांनी मलाच बोलावले. इन्स्पेक्टरने विचारले, "न फोडता हे कोण उघडेल?"

घरमालक जिन्यातच उभा होता. मी म्हणालो, "ज्याच्याकडे किल्ली असेल तो."

"किल्ल्या किती?"

"कुलपाबरोबर दोनच येतात, साहेब."

दुसरी किल्ली तिच्या धाकट्या बहिणीकडे होती. तिला आठवडाभर चौकीत बसवले. पुरावा नाही म्हणून सोडले, पण तिचे ठरलेले लग्न मोडले, ग्रंथालयातली नोकरी गेली. तपास पुन्हा करा म्हणून ती दरवर्षी अर्ज द्यायची, आणि माझ्याकडे यायची. "काका, तुम्ही जाणकार. आणखी कसं उघडलं असेल?" मी मान खाली घालून कानस घासत राहायचो.

खून घरमालकाने केला हे मी पाहिलेले नाही. किल्ली मी त्याच्या हातात दिली, एवढे खरे. त्याच महिन्यात त्याने माझा करार तीस वर्षांनी वाढवला.

४. ठशाची ती वडी त्याने परत नेली नाही, मी डब्यात ठेवली आहे. सुकून दगड झाली, ठसा शाबूत आहे. माझ्यामागे ती शिक्षिकेच्या बहिणीला द्यावी, असे लिहून बायकोला वाचून दाखवले. तिला हे प्रथमच कळले. म्हणाली, "म्हणजे तुम्ही सुटल्यावर तिला सांगायचं? मग तिने जाब कोणाला विचारायचा, तुमच्या फोटोला?"

ते कलम रद्द. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन बहिणीच्या दारात गेलो, उभ्यानेच सगळे सांगितले. तिने बसा म्हटले नाही. वडी उजेडात धरून पाहिली. "दरवर्षी येत होते मी," एवढेच बोलली. मग आम्ही चौकीत गेलो. मी जबाब दिला. घरमालकाला चौकशीला बोलावले आहे. माझ्यावरही गुन्हा नोंदवणार आहेत. नोंदवावा.

५. बँकेतली शिल्लक त्या बहिणीला द्यावी, असे लिहायला घेतले. ती म्हणाली, "मला तुमचं काही नको. साक्षीदार लागतो ना? मी सही करते." वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये.

"मग माझं नाव खोडा," ती म्हणाली.

खोडले आहे. शिल्लक बायकोला.

वरील सर्व मी स्वतः लिहिले आणि साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ११ मार्च, मंगळवार

लिहून देणार: कुलूपवाला (सही)
साक्षीदार १: शेजारचा औषधविक्रेता (सही)
साक्षीदार २: मयत शिक्षिकेची धाकटी बहीण (सही)