दोन भोवऱ्यांचं डोकं

चि. धाकट्या बंधूस,

थोरल्याचे भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो, तुझ्या मंडळींचा खोकला थांबला का, सविस्तर कळव. नुसतं ‘ठीक’ लिहू नकोस. ठीक तर मीही आहे.

सूनबाई गुणी आहे. दुपारी तिचं ऑफिस आमच्या बैठकीच्या खोलीतच भरतं (पडद्यावर डोकी दिसतात, एकाचीही हजामत धड नाही) आणि मी मागून खोकत गेलो की साहेब विचारतो, कोण आहे म्हणून. तेव्हा काल ती गोड आवाजात म्हणाली, “बाबा, आपला भाग जरा पायी हिंडून बघा ना. पाय मोकळे होतील.” पाय मोकळे झाले, डोकं भाजून निघालं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाकावर टेकलो तर तापल्या तव्यावर बसल्यासारखा उठलो. एका भिंतीला हातभर सावली होती, ती कुत्र्याने आधीच अडवलेली. बागेला कुलूप. रखवालदार म्हणतो, “आजोबा, संध्याकाळी या.” अरे, संध्याकाळी सावली घेऊन काय करू?

तसाच फरफटत पुढे गेलो तर काचेचं एक सलून लागलं. तुला ठाऊक आहे, उभा जन्म कात्री चालवून माझं असं झालंय की माणसाचं तोंड विसरतो, मागचं डोकं विसरत नाही. आत खुर्चीत दोन भोवऱ्यांचं डोकं! उजव्या कानामागे लहानपणी माझ्याच हातून कात्री लागल्याची खूणसुद्धा. आपला पोरगा! (दुकान विकून इथे आलो तेव्हा म्हणाला होता, “बाबा, माझं डोकं शेवटपर्यंत तुमचंच.” हल्ली मात्र, मी कात्री काढली की, केस वाढवतोय म्हणायचा.)

सलूनवाल्याने दार उघडलं. “या आजोबा, उन्हातून आलात, गार बसा.” बसलो. तो भोवऱ्याच्या उलटं मशीन फिरवत होता आणि माझी बोटं मांडीवर आपोआप चालत होती. शेवटी राहवलं नाही. “अरे, तो डावा भोवरा हट्टी आहे, आधी ओला करून घे!” पोराने आरशात डोळे उघडले. त्याचा रंगच उडाला. सलूनवाला त्याला विचारतो, “ओळखीचे का?” पोराला तोंड उघडायला नको म्हणून मीच म्हणालो, “छे हो, डोकं बघून सांगितलं.” वाटलं होतं, आता तरी तो म्हणेल, बाबा आहेत माझे. त्याने डोळे पुन्हा मिटून घेतले. मी पाणी प्यालो आणि पुन्हा उन्हात उतरलो. बाहेर जरा बरं वाटलं.

संध्याकाळी स्वारी कानापर्यंत टोपी ओढून घरी आली. जेवतानाही टोपी. घाम ताटात पडायचा तेवढा बाकी. सूनबाई म्हणाली, “अहो, काढा की ती. उकडत नाही का?” मी म्हणालो, “राहू दे गं. ऊन लागलं असेल.”

बाकी इथे सर्व उत्तम.

तुझा,
थोरला

ता. क. तू इतक्यात केस कापू नकोस. कापण्यासारखं फार उरलेलं नाही, ठाऊक आहे. असेल तेवढं राखून ठेव. कात्री घेऊन येतो. परत कधी जाणार, ते मात्र विचारू नकोस.

आणखी एक. हात थरथरतो, हे खरं आहे. पोर तेवढं तोंडावर म्हणालं असतं तरी चाललं असतं. तुझा कान तूच धरून बस.