एच, यू आणि तीन पायांचा स्टँड

केनवड, ता. रिसोड
१७ एप्रिल २०२५

चि. संघदीप यास अ. उ. आ. आणि सप्रेम जयभीम.

पत्रास कारण, माझ्यावर झालेला घोर अन्याय. तुझ्या काकूने मला कामावरून काढलं. ती ब्लाउजचं कटिंग शिकवायची, तेव्हा वर्षभर मोबाइल धरून मी उभा राहात होतो. श्वाससुद्धा परवानगीने घेत होतो. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी तिने रिसोडहून तीन पायांचा एक स्टँड आणला. आता माझ्या जागी तो उभा असतो. म्हणे, हा खोकलत नाही. दोन पायांच्या माणसाने दाद मागावी कोणाकडे?

असो. तुझ्या काकूचे, म्हणजे अंजनाबाईंचे, व्हिडिओ आता मोबाइलात मावत नाहीत. लग्नसराई भरात येण्याच्या आत लॅपटॉप पाहिजे असा हुकूम आहे, कारण तेव्हाच बाया ब्लाउज शिवायला शिकतात. निवडीचं खातं मी मागून घेतलं. फय्याजभाईंच्या दुकानात दोन लॅपटॉप पसंत पडले. रंग एक, पडदा तेवढाच, किंमत जवळजवळ तीच. दोन्हींच्या प्रोसेसरवर पाच लिहिलेलं. फक्त एकाच्या शेवटी एच, दुसऱ्याच्या शेवटी यू. फय्याजभाई म्हणाले, मास्तर, दोन्ही अच्छे हैं. अशाने शास्त्र पुढे जात नाही.

मी शास्त्रोक्त परीक्षा घेतली. बटण दाबायचं आणि श्लोक म्हणायचा. दोन्ही यंत्रं एकेका अनुष्टुभात उघडली. शार्दूलविक्रीडिताला हात घालायची वेळच आली नाही. मग दोन्हींवर नववीची प्रश्नपत्रिका टाइप केली. दोन्हींनी सारखीच केली. सबब हा भेद निव्वळ माया आहे, असं माझं मत झालं. काकूचं मत असं की ब्लाउजच्या कामासाठी यंत्राची संस्कृतात परीक्षा घेणारा माणूस तिने प्रथमच पाहिला.

तू पुण्यात कॉम्प्युटरचंच खातोस, तेव्हा निवाडा दे. पत्रानेच दे. घरातला चांगला फोन स्टँडवर असतो आणि मला त्याच्याजवळ जाण्यास बंदी आहे.

तुझा पदच्युत काका,
उकंडराव


पुणे
२२ एप्रिल २०२५

ती. काकांस सा. जयभीम.

पत्र मिळालं. ऑफिसात वाचलं, आणि अनुष्टुभापाशी इतक्यांदा हसलो की शेजारच्या टेबलावरची पोरं विचारायला आली. आता आमच्याकडे नवं मशीन आलं की कोणीतरी म्हणतं, किती श्लोकांत उघडतं ते बघा.

पण काका, परीक्षा नापास. यंत्र नाही, परीक्षा. उघडायला आणि प्रश्नपत्रिका टाइप करायला कुठलाही आजचा प्रोसेसर पुरतो. हे म्हणजे पोरांना फक्त हजेरी विचारून वर्गात पहिला ठरवण्यासारखं झालं. पाच हा आकडा म्हणजे इयत्ता समजा. एच आणि यू या तुकड्या. एच तुकडीतलं पोरगं जास्त वीज खातं आणि जोरात धावतं. जड व्हिडिओ तयार करायचा तर तेच आधी मोकळं होतं. पण तापतं, पंखा जोरात फिरवतं, चार्जरवरून काढलं की लवकर थकतं. यूवालं कमी खातं, जरा सावकाश चालतं, थंड राहतं, बॅटरीवर बराच वेळ टिकतं. लांबून चांगला कुठला, याला उत्तर नाही. कुठे बसून काय करायचं, याला आहे.

तेव्हा एक करा. फय्याजचाचांकडून दोन्ही घरी मागून आणा. काकूच्याच खोलीत, त्या टिनाखाली, भर दुपारी, काकूचाच व्हिडिओ दोन्हींवर बनवून बघा. लाइट गेली तर फारच छान.

आणि काका, स्टँड मीच सुचवला होता. काकूंनी विचारलं होतं, व्हिडिओ हलतो कायले. माफी असावी. तुमचे हात जुने झालेत असं त्या म्हणाल्या नाहीत, एवढं नमूद करतो.

तुमच्या रागाला पात्र, पण मायेत कपात नको,
संघदीप


केनवड
२९ एप्रिल २०२५

चि. संघदीप यास अ. उ. आ. व सप्रेम जयभीम.

फितुरा, पत्र पोचलं. शिक्षा जयंतीला न येण्याच्या गुन्ह्यासोबत एकत्र भोगायची आहे.

फय्याजभाईंनी दोन्ही लॅपटॉप दोन दिवसांकरिता दिले. माझ्या शब्दावर दिले असं मी समजत होतो. तर त्यांची बायको अन्वरी भाभी काकूचे व्हिडिओ पाहून बाही बसवायला शिकली आहे, तिने आतून फर्मान सोडलं. यावरून गावात माझं वजन किती ते तूच ठरव.

भर दुपारी टिनाखाली बसलो. खोली म्हणजे चुलीवरचा तवा. दोन्ही यंत्रांना तोच कटोरी ब्लाउज दिला आणि मी श्लोक सुरू केले. एच आठव्या श्लोकाला मोकळा झाला, यू बाराव्याला. मी एचचा जयजयकार केला. तेवढ्यात लाइट गेली. दुसऱ्या व्हिडिओला एचने जो पंखा सोडला, तो ऐकून शेजारच्या सोजरबाई विचारायला आल्या की एवढ्या उन्हात थ्रेशर कोणी लावलं. काकू स्टँडवर आवाज रेकॉर्ड करत होती, त्यात तिच्या आवाजापेक्षा पंखाच जास्त. पुढे एच धापा टाकायला लागला, बॅटरी घसरत गेली, आणि बाहीच्या मापावर येऊन त्याने मान टाकली. यू मात्र तोंडातून चकार शब्द न काढता लाइट येईपर्यंत काम करून राह्यला होता.

मी तरीही पूर्वपक्ष मांडला की एच चार श्लोक पुढे पळाला, हे काही थोडकं नव्हे. काकूने टेप गळ्यात टाकला आणि निकाल दिला.

“मले पयनारा नाई पायजे. संग बसनारा पायजे.”

खोलीत त्या वेळी स्टँड, यू आणि मी असे तिघेही होतो. तिने बोट यूकडे केलं. संध्याकाळी फय्याजभाईंना होकार कळवलासुद्धा. लॅपटॉप आता घरचा झाला. त्याला बसायला काकूने जुन्या साडीची चौघडी शिवली आहे. मला तीस वर्षांत कोणी चौघडी शिवली नाही.

तरी तुझ्या माहितीत एखादा तिसरा प्रोसेसर असल्यास कळवावे. घेतलेल्या वस्तूचीही मीमांसा होऊ शकते. मी तयार आहे, श्लोकही बरेच शिल्लक आहेत.

तुझ्यावरचा लोभ लाइट गेली तरी चालतो, हे ध्यानात असू दे.

तुझा काका,
उकंडराव

ता. क. एकतीस मेला मी शाळेतून निवृत्त होतो आहे. इतके दिवस प्रोसेसर होता, म्हणून सकाळी उठून विचार करायला काहीतरी होतं. एक जूनला दहा वाजता मी घरात नेमकं कुठे बसायचं, हे मला माहीत नाही. काकूला विचारायची हिंमत होत नाही. तिने स्टँडकडे पाहिलं तर काय, याची भीती वाटते.