चौथ्या माळ्यापर्यंतची हाक

हॉस्टेल, ऑगस्ट २००५

हौसाआत्या,

पहिल्या वर्षी रॅगिंगच्या दिवशी मी सगळ्यांबरोबर का हसले, ते मला अजून सांगता येत नाही.

शाळेच्या सुट्टीत मी तुझ्यासोबत मासळीची पाटी घेऊन म्हावरं विकायला बेव्हर्ली पार्कच्या इमारतींत यायचे. तू म्हणायचीस, "आवाज पोटातून काढ गो. गिऱ्हाईक चौथ्या माळ्यावर हाय." माझ्या हाकेने खिडक्या उघडायच्या, तेव्हा केवढा अभिमान वाटायचा. हॉस्टेलवर सीनियर मुलींनी डोक्यावर बादली देऊन मला तीच हाक मारत फिरवलं. मी हुबेहूब तुझा आवाज काढला. त्या हसल्या, मीही हसले.

यंदा मी शेवटच्या वर्षाला आहे. परवा माझ्या चार मैत्रिणींनी शिवांगी या नव्या मुलीला, तिची आई धुणीभांडी करते म्हणून, दारोदार काम मागायला लावलं. मी बघत उभी राहिले. नंतर त्यांना बोलले, तर म्हणाल्या, "तूपण केलंस ना? मेलीस का?" शिवांगी कॉलेज सोडायला निघाली होती.

हे पत्र तुला दुसरं कुणीतरी वाचून दाखवेल, म्हणून पाठवत नाही. आपल्या घरातली पहिली पदवी कदाचित अडकेल. काल प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. त्यात चौघींची नावं लिहिली आणि पाचवं माझं.

तुझीच,
क्षितिजा